‘ढ’ नावाचं अक्षर

मराठीत एक अख्खं अक्षर हिणवण्यासाठी वापरलं जातं. ‘पोरगं अगदी ढ आहे’ एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. याच अक्षरावर ही पाळी का आली, याचं एक स्पष्टीकरण जुने मास्तर देत आले आहेत. ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरं बदलत गेली, ढ मात्र जवळपास होता तसाच राहिला. इतकी शतकं लोटली तरी जागचा हलला नाही, म्हणून ज्याला काही येत नाही तो ढ. हे खरं असो वा नंतर रचलेलं, ज्या मुलावर हा शिक्का बसतो त्याची गोष्ट बऱ्याचदा नेमकी उलटी असते. ते इतरांच्या दुप्पट कष्ट करत असतं. त्या कष्टांचं वहीच्या पानावर काही उमटत नाही, एवढंच.

तिसरीच्या वर्गात असं एखादं मूल असतंच. बाईंनी सांगितलेली गोष्ट ते घरी येऊन हावभावांसकट सांगतं. दुकानातून सामान आणताना सुट्या पैशांचा हिशेब तोंडी करतं. मोटारपंप का बंद पडला, शेळी आज चरत का नाही, हे त्याला मोठ्यांच्या आधी कळतं. पुस्तक उघडलं की मात्र त्याचा आवाज बसतो. ‘चिमणी’ हा शब्द समोर आला की ते आधी ‘च’ म्हणतं, थांबतं, शेजारच्या चित्राकडे बघतं आणि ‘पाखरू’ असं वाचून मोकळं होतं. श्रुतलेखनात ‘पुस्तक’चं ‘पुतक’ होतं, ‘स्वयंपाक’चा ‘सवपाक’. काल दहा वेळा लिहून घेतलेला शब्द आज पुन्हा कोरा. आई म्हणते, ‘लक्षच नाही याचं.’ बाई म्हणतात, ‘घरी कोणी अभ्यास घेत नाही वाटतं.’ दोघीही मनापासून बोलत असतात आणि दोघींचंही निदान चुकलेलं असतं.

अशा मुलाची पहिली सविस्तर नोंद सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. प्रिंगल मॉर्गन हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावातला डॉक्टर. ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. मुलगा चुणचुणीत, खेळात तरबेज, गणितं सोडवणारा, आकडे बिनचूक वाचणारा. सातव्या वर्षापासून त्याला वाचन शिकवायचे प्रयत्न चालू होते; तरी साधे शब्द त्याला वाचता येत नव्हते आणि स्वतःचं नाव लिहितानाही तो अक्षरांची अदलाबदल करायचा. सगळं शिक्षण तोंडी झालं असतं तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत मॉर्गनने नोंदवून ठेवलं. त्या मास्तरांचं कौतुक वाटतं. कारण समजत नसतानाही त्यांनी पोराला मूर्ख ठरवलं नाही. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्याआधी, १८८७ मध्ये, रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने वापरला होता, पण मेंदूच्या आजारामुळे वाचनशक्ती गमावलेल्या मोठ्या माणसांसाठी. मुलांसाठी तो रूढ व्हायला पुढची बरीच वर्षं जावी लागली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुरुवात केली म्हणून की काय, हा दोष दृष्टीचा आहे असा समज अजून टिकून आहे. ‘त्याला अक्षरं उलटी दिसतात’ हे वाक्य पालकसभेत हमखास ऐकू येतं. चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्यायलाच हवा, कानही तपासायला हवेत. पण रंगीत काचांचे चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया बरा होतो याला आधार नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये तसं संयुक्त निवेदनच काढलं. गाठ बसलेली असते ती मुख्यतः ध्वनींपाशी. बोललेला शब्द आपल्याला सलग ऐकू येतो. वाचायला शिकताना तो मनातल्या मनात सुटा करावा लागतो आणि प्रत्येक तुकड्याला कागदावरच्या एका खुणेशी बांधावं लागतं. बहुतेक मुलांचा मेंदू ही बांधाबांध थोड्या सरावाने आपोआप करू लागतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला प्रत्येक शब्द हाताने बांधावा लागतो, तोही रोज नव्याने. याचा बुद्धीशी संबंध नाही. बऱ्याचदा डिस्लेक्सिया घराण्यातून येतो. मुलाचं निदान झाल्यावर ‘माझंही असंच होत होतं’ असं सांगणारे वडील थोडे नाहीत.

आता मराठीकडे येऊ. ‘आपली भाषा जशी बोलतात तशीच लिहितात, मग तिच्यात कसला आलाय डिस्लेक्सिया?’ असं सुशिक्षित माणसंही विचारतात. इंग्रजीच्या २६ अक्षरांना चव्वेचाळीसच्या आसपास ध्वनी सांभाळावे लागतात, त्या मानाने मराठी सरळ आहे हे खरं. पण ती सरळ वाटते ती वाचायला शिकून झालेल्यांना. सात वर्षांच्या मुलाच्या जागी बसून ‘चिमणी’कडे पाहावं. पहिली वेलांटी ‘च’च्या आधी काढायची आणि उच्चारायची त्याच्यानंतर. दुसरी वेलांटी ‘ण’च्या नंतर काढायची आणि उच्चारायचीही नंतर. मधल्या ‘म’ला काहीच नाही, तरी त्यात ‘अ’ धरायचा. तीन अक्षरांचा शब्द, आणि तिन्ही ठिकाणी नियम वेगळा! ‘र’ तर बहुरूपीच. ‘चक्र’मध्ये तो खाली तिरकी रेघ होऊन बसतो, ‘ट्रक’मध्ये खाली छोटी टोपी होतो, ‘सूर्य’मध्ये पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि ‘वाऱ्या’त नुसता वाकडा दांडा उरतो. ‘चहा’तला च वेगळा, ‘चमचा’तला वेगळा. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व ही तर जुळी भावंडं.

शिवाय बाराखडी ही फसवी गोष्ट आहे. सुरात म्हणून म्हणून ती पाठ होते आणि मुलाला वाचता येतं असा सगळ्यांचा समज होतो. अशा मुलासमोर नुसता ‘कु’ लिहून पाहावा. ते मनात ‘क, का, कि, की’ असं मोजत तिथवर येतं आणि मग उत्तर देतं. पहिलीत हे चालून जातं. चौथीच्या परिसर अभ्यासात एका पानावर दीडशे शब्द असतात, तिथे या मोजण्याने दम निघतो. कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासातून दिसलं आहे की आपल्या लिपींसारख्या लिपीत सगळी अक्षरं अंगवळणी पडायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो. हे सर्वसाधारण मुलांबद्दल आहे. ज्याची गाठच ध्वनींपाशी बसली आहे, त्याला किती वेळ लागत असेल! त्यातच महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली आणि पुढे गावोगाव सेमी इंग्रजीचे वर्ग निघाले. एका लिपीत चाचपडणाऱ्या मुलापुढे दुसरी ठेवली गेली आणि पाचवीपासून हिंदीची भर पडली.

अशी मुलं किती असतील? बेळगावच्या प्राथमिक शाळांत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १५.१७ टक्के मुलांमध्ये कोणती ना कोणती अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण, आढळली. वाचनाची अडचण ११.२ टक्के मुलांना होती. वेगवेगळ्या पाहण्यांचे आकडे वेगवेगळे येतात, कारण मोजायच्या फूटपट्ट्या वेगळ्या असतात. तरी तीस-चाळीस पोरांच्या वर्गात दोन-तीन तरी असणार असं धरून चालणं शहाणपणाचं. आणि त्यात मुली नसतील असं समजू नये. अमेरिकेत कनेटिकटमध्ये सॅली शेविट्झ यांच्या गटाने १९९० मध्ये दाखवून दिलं की शाळा ज्यांची नावं पाठवते त्यांत मुलगे फार जास्त असतात. पण सगळ्याच मुलांची चाचणी घेतली की मुलामुलींचं प्रमाण जवळजवळ सारखं येतं. मुलगा वाचता येत नाही म्हणून दंगा करतो आणि नजरेत भरतो. मुलगी मागच्या बाकावर गप्प बसते, वही सुबक ठेवते, शेजारणीचं बघून उतरवते. ती दहावीत नापास झाली की स्थळं बघायला लागतात.

मराठी शाळेत या मुलांना शोधणं आणखी एका कारणाने अवघड आहे, आणि ते कारण टाळून पुढे जाता येणार नाही. ‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेचा ‘असर’ अहवाल ग्रामीण भारतातल्या मुलांचं वाचन तपासतो. २०२४ च्या अहवालानुसार पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलं अडखळतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना डिस्लेक्सिया नाही. कोणाला नीट शिकवलं गेलं नाही, कोणी ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर वर्षातले सहा महिने शाळेबाहेर होतं, कोणाच्या घरी पावरी किंवा कोरकू बोलतात आणि पुस्तक मात्र प्रमाण मराठीत आहे. या गर्दीत डिस्लेक्सियाचं मूल दिसेनासं होतं. उलट, ज्या मुलाची भाषाच वेगळी आहे त्याच्यावर अक्षमतेचा शिक्का मारायचा धोकाही इथेच असतो.

यातून वाट काढायची तर सुरुवात आधी सगळ्या वर्गाला नीट वाचायला शिकवण्यापासूनच व्हायला हवी. दोन-तीन महिने रोज अर्धा तास ठरवून शिकवलं की पुष्कळ मुलं धावू लागतात. तरीही जी दोन-तीन तिथल्या तिथे राहतात, त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघायचं. यासाठी मराठीतलं साधनही आता आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डाली’ ही चाचणी तयार केली. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि कन्नड अशा चार भाषांत ती आहे आणि पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शिक्षकांनी भरायच्या प्राथमिक तपासणीच्या याद्याही तिच्यात आहेत. मराठी मुलाला मराठीत तपासणं ही अगदी साधी गोष्ट वाटते. पण कित्येक वर्षं ती होत नव्हती.

इथे मुंबईचा इतिहास सांगायला हवा. महाराष्ट्राने १९९६ मध्ये अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. देशात हे पाऊल सर्वांत आधी उचलणारं हे राज्य. त्यामागे आपल्या मुलांसाठी दारोदार फिरलेले पालक होते, विशेष शिक्षक होते, डॉक्टर होते. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था त्याच काळातली. शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर आणि केईएम या पालिकेच्या रुग्णालयांत तपासणी होऊ लागली; शीवच्या, आणि पुढे केईएमच्या, केंद्रातून डॉ. सुनील कारंडे यांनी या मुलांवर सातत्याने संशोधन लिहिलं. सवलती सुरुवातीला मोजक्या इयत्तांना होत्या, मग पहिली ते बारावीपर्यंत वाढल्या आणि महाविद्यालयातही पोचल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना गुण न कापणं, एक भाषा सोडून कार्यानुभव घेण्याची मुभा, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित, गरजेनुसार लेखनिक. हजारो मुलं या आधारावर दहावीची पायरी चढून गेली.

मात्र या व्यवस्थेचं दार प्रत्यक्षात इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठीच अधिक उघडं राहिलं. प्रमाणित चाचण्या इंग्रजीत होत्या, त्यामुळे तपासणीही इंग्रजीतून शिकणाऱ्यांची आणि संशोधनही बव्हंशी त्यांच्यावरच. वांद्र्याच्या शाळेत समुपदेशक असे, पालकांना शब्द माहीत असे, खासगी चाचणीचे पैसे देता येत. भायखळ्याच्या पालिका शाळेतल्या किंवा परभणीतल्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाचा मेंदू काही वेगळा नव्हता. त्याला सवलत मिळाली नाही, तो नापास झाला आणि कामाला लागला. हा अन्याय कुणी ठरवून केला नाही, पण तो झाला. डिसेंबर २००७ मध्ये ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द एकदम घरोघरी गेला. तो शब्दही गेला तो पाचगणीसारख्या ठिकाणच्या निवासी शाळेच्या आणि चित्रकलेच्या झगमगीत गोष्टीबरोबर. कित्येक आईबापांना वाटलं, आपल्या पोराला चित्र कुठे काढता येतं, म्हणजे त्याला ते नसणार. डिस्लेक्सिया असलेल्या मुलात काही अलौकिक असायलाच हवं असं नाही. ते साधं असलं तरी त्याला वाचता यायला हवं.

कायदा आता त्या मुलाच्या बाजूने आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते आणि अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याच्या एकवीस प्रकारांत ती आली. कलम १६ सांगतं की अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात योग्य ते बदल करायचे. कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा नावानिशी उल्लेख आहे. केंद्राच्या जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेने आणखी एक गोष्ट केली. तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, प्रत्येक शाळेने प्राथमिक तपासणी करायची. शाळा सरकारी असो वा खासगी, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती हवी. पुढे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडून तपासणी, आणि प्रमाणपत्र आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी. किती शाळांत ही समिती बसते, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्याच बैठकीत कोणत्याही पालकाला विचारता येईल. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. प्रश्न विचारायला त्याहून योग्य जागा नाही.

तरी बहुतेक मुलं तपासणीला येतात ती पाचवी-सहावीनंतर, आणि खरी गर्दी होते नववी-दहावीत. फाइल हातात घेतलेली आई जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर बसलेली असते, बोर्डाचा अर्ज भरायची तारीख तोंडावर आलेली असते. प्रमाणपत्र मिळतं, परीक्षेतली सवलतही मिळते. वाचायला शिकवणं मात्र राहूनच गेलेलं असतं. सवलतींची लढाई जिंकण्याच्या नादात या राज्यात शिकवण्याची लढाई मागे पडली, असं या विषयात काम करणारे कित्येक शिक्षक हळहळून सांगतात. ते बरोबर सांगतात. जादा वेळ मिळालेल्या मुलाला प्रश्न वाचताच आला नाही, तर त्या वेळाचं ते काय करणार? २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे आणि पुनर्परीक्षेतही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहू शकतं. त्यामुळे दहा वर्षांच्या वयातच या मुलांची परीक्षा होणार आहे.

मग शिकवायचं कसं? कान आधी, डोळे नंतर. पुस्तक न उघडताच बरंच काम होतं. ‘कमळ’मधला क काढला तर काय उरलं? ‘मळ’. ‘वरण’मधला व काढला तर? ‘रण’. ‘सागर’च्या सुरुवातीला सा ऐवजी गा ठेवला तर? ‘गागर’! टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे करायचे, भेंड्या खेळायच्या, शेवटचा ध्वनी पकडायचा. हे खेळ आपल्याकडे ओसरीवर, अंगणात होतेच. शाळेत ते ‘वेळ घालवणं’ ठरले. मग अक्षरं, पण सगळी बाराखडी एकदम नको. फलटणला प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ पासून जे काम उभं केलं त्यातला एक धडा इथे मोलाचा आहे. मोजकी अक्षरं आणि एखादी काना-मात्रा घ्यायची आणि त्यांतून लगेच अर्थाचे शब्द, लगेच वाक्यं करायची. मुलाला पहिल्याच आठवड्यात काहीतरी खरं वाचल्याचा आनंद मिळतो. हे काम डिस्लेक्सियासाठी म्हणून सुरू झालं नव्हतं. शाळेतून गळालेल्या मुलांना साक्षर करायचं होतं. पण क्रमाने, थोडं थोडं, अर्थासकट शिकवणं हे डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला इतरांपेक्षा जास्त लागतं.

त्यासोबत हात. वाळूत, पाटीवर, हवेत अक्षर मोठं काढायचं, काढताना ध्वनी मोठ्याने म्हणायचा. बोट, डोळा, कान आणि जीभ एकाच वेळी कामाला लागली की खूण पक्की होते. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जी पद्धत घडवली तिचं सार हेच होतं. घ आणि ध एकाच दिवशी शिकवू नयेत. एक पक्का झाला की महिन्याभराने दुसरा. जोडाक्षर आधी तोडून दाखवावं, स आणि त, मग स्त. आणि रोज. आठवड्यातून एकदा दोन तास शिकवण्यापेक्षा रोज वीस मिनिटं शिकवणं कितीतरी बरं. यात महागडं काही नाही. वेळ लागतो आणि कुणीतरी शांत माणूस लागतो.

वर्गात करण्यासारख्या गोष्टी तर आणखी सोप्या. त्याला सगळ्यांसमोर उभं करून धडा वाचायला लावू नये. वाचायला द्यायचंच असेल तर दोन ओळी आदल्या दिवशी सांगून ठेवाव्यात, म्हणजे ते घरून तयारी करून येतं आणि मान वर ठेवून वाचतं. फळ्यावरचं उतरवून घेण्यात त्याचा अख्खा तास जातो आणि बाई काय सांगत होत्या ते राहूनच जातं. त्याऐवजी मित्राच्या वहीची झेरॉक्स द्यावी. विज्ञानाचं उत्तर तपासताना विज्ञान तपासावं, ऱ्हस्व-दीर्घ सोडावं. तोंडी विचारलं तर ते काय काय सांगतं हे एकदा ऐकूनच पाहावं. आणि ‘चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहून आण’ ही शिक्षा तर कायमची बंद करावी. चुकीचा शब्द पन्नास वेळा लिहिला की तो पन्नास वेळा चुकीचाच पक्का होतो. हल्लीच्या फोनवर मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची आणि बोललेलं मराठीत टाइप करण्याची सोय आहे. इतिहासाचा धडा कानांनी ऐकला तरी तो इतिहासच असतो.

‘एकाला सूट दिली तर बाकीच्यांवर अन्याय नाही का?’ हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर नेहमी निघतो. गुणांच्या चढाओढीत होरपळणाऱ्या घरांतून तो येणं साहजिक आहे, आणि खोटी प्रमाणपत्रं मिळवायचे प्रयत्न होतात ही तक्रारही निराधार नाही. पण जादा वेळाने उत्तर येत नाही. ज्याला उत्तर माहीत आहे त्याला ते कागदावर उतरवायला वेळ मिळतो, इतकंच. ज्याला ते माहीतच नाही तो तीन तासांऐवजी चार तास बसला तरी कोराच राहतो. ऑगस्ट २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी भरपाईचा वेळ तासाला किमान वीस मिनिटं ठरवला, त्यामागचा हिशेब हाच.

कागदावरचा हक्क परीक्षेच्या केंद्रावर कसा निसटतो, याचं उदाहरण सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. सप्टेंबर २०२१ च्या ‘नीट’ परीक्षेत डिसग्राफिया, म्हणजे लेखनाची अक्षमता, असलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या हक्काचा एक तास मिळाला नाही. मुंबईतल्या केंद्रावर तीन तास संपताच तिची उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं. लाखो विद्यार्थ्यांची परीक्षा असल्याने फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही, पण अन्यायाचं परिमार्जन कसं करणार याचा विचार करायला परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला बजावलं, आणि केंद्रावरच्या माणसांना नियम शिकवायलाही सांगितलं. त्याच वर्षी ११ फेब्रुवारीला विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग या खटल्यात न्यायालयाने आणखी महत्त्वाची गोष्ट ठरवली होती. लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवाराला लेखनिक मिळावा यासाठी दिव्यांगत्व चाळीस टक्के असलंच पाहिजे अशी अट घालता येणार नाही. लेखनिक नाकारल्या गेलेल्या घरांनी या निकालाची प्रत फाइलमध्ये ठेवावी.

पण रोजच्या शाळेत निकालाची प्रत पुढे करून काम होत नाही. तिथे बोलावं लागतं, आणि कसं बोलायचं यावर पुष्कळ अवलंबून असतं. पालक एक तर हात जोडून जातात, ‘बाई, सांभाळून घ्या पोराला’, नाहीतर भांडायला जातात. दोन्हींत मुलाचं काम तसंच राहतं. अनुभवी पालक वेगळं करतात. ते मुलाच्या तीन महिन्यांच्या वह्या घेऊन जातात. कोणते शब्द कसे चुकतात ते दाखवतात. तोंडी सांगितलेल्या गोष्टीचं फोनवरचं ध्वनिमुद्रण ऐकवतात. आणि एकच मागणी करतात, उद्यापासून करता येईल अशी. ‘श्रुतलेखनाला वीसऐवजी याला आठ शब्द द्याल का? आठवड्याने मी पुन्हा येते.’ पन्नास मुलांचा वर्ग, शिवाय निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामं अंगावर असलेल्या बाईंना एक नेमकी गोष्ट करता येते. दहा मागण्यांचा कागद दिला तर तो कपाटात जातो. बाईंना मदत हवी असेल तर ती कुठे मिळते हेही पालकाला ठाऊक असावं. समग्र शिक्षा योजनेत तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांनी पत्र दिलं, केंद्रप्रमुखांनी पाठपुरावा केला तर ते शाळेत येतात.

मूल स्वतःसाठी कधी बोलणार, हाही प्रश्न आहे. नवव्या-दहाव्या वर्षी त्याला त्याच्या अडचणीचं नाव सांगायला हरकत नाही. उलट न सांगितल्यास ते स्वतःच नाव शोधतं, आणि त्याच्या हाताशी असलेलं नाव म्हणजे ढ. सहावीतला मुलगा शांतपणे म्हणू शकतो, ‘सर, मला वाचायला वेळ लागतो, प्रश्न एकदा मोठ्याने वाचाल का?’ घरी चार वेळा तालीम केली की पाचव्या वेळी वर्गात जमतं.

हे सगळं जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. गेल्या वर्षी ज्या बाईंनी मुलाला ओळखलं त्या दुसऱ्या वर्गावर गेलेल्या असतात. नव्या सरांच्या पहिल्या आठवड्यातच मुलगा उभा राहून धडा वाचतो आणि वर्ग हसतो. म्हणून काही घरांनी एक रीत पाडली आहे. मार्चच्या शेवटी जुन्या बाईंना विनंती करून अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहून घ्यायची. त्यात मोठे शब्द नसतात. याला कशाने अडतं, याला काय छान येतं, वर्षभरात काय करून उपयोग झाला, काय मुळीच करू नये. शाळा उघडली की पहिल्या दिवशी, घंटा व्हायच्या आधी, आई किंवा बाबा ती नव्या सरांच्या हातात देतात. सर ती वाचतात, डोकं वर करून पोराकडे बघतात आणि हजेरीपटाच्या पहिल्या पानाला टाचून ठेवतात.